ओझं दिसू द्या : मालगाडी ओढणारं वाफेचं इंजिन आणि तुमचा कॅमेरा

मागच्या अंकात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं, की जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करून पुन्हा मालगाडीला जोडलं तर त्याचा फोटो काढणं हे छायाचित्रकाराच्या नजरेचं मोठं शिक्षण आहे. त्यावर मराठवाड्यातून पत्रं आली. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या माणसांची पत्रं लगेच ओळखू येतात. माझे वडील पूर्णेच्या लोको शेडला फायरमन (इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे) होते, त्यामुळे ही पत्रं मी जरा जास्तच मनापासून वाचली. निवडक प्रश्नांची उत्तरं देते.

ताई, अमेरिकेतल्या ‘बिग बॉय’ या वाफेच्या इंजिनानं अडकलेली मालगाडी ढकलल्याचा व्हिडिओ पाहिला. जीर्णोद्धार केलेलं असं इंजिन खरी मालगाडी ओढताना आपल्याकडे कुठे टिपता येईल?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, परळी वैजनाथ

आपल्याकडे आज नाही. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी 1995 च्या डिसेंबरात संपली. हरियाणातल्या रेवाडीला 1893 सालची जुनी शेड आहे. तिथे ‘अकबर’, ‘आझाद’ अशी नावं असलेली डब्ल्यूपी वर्गाची इंजिनं चालत्या अवस्थेत राखली आहेत, पण ती प्रवासी डबे ओढतात. निलगिरीला मेट्टुपालयमहून वर चढणारी गाडी आणि दार्जिलिंगची छोटी गाडी, या दोन्हीही माणसांच्याच. वाफेचं इंजिन पाहायचं, ऐकायचं, त्याचा वास घ्यायचा तर या ठिकाणी जरूर जा. कल्लार ते कुन्नूर चढताना निलगिरीचं इंजिन जो जोर लावतं, तो पाहिल्यावर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

तू पाहिलेला प्रसंग जून 2023 चा. नेब्रास्का राज्यात ब्लेअरजवळच्या चढावर एक मालगाडी अडकली आणि त्याच मार्गानं निघालेल्या 4014 क्रमांकाच्या बिग बॉयनं तिला मागून रेटा दिला. 1941 सालचं हे इंजिन पुढे कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या संग्रहालयात उभं होतं. 2013 मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेनं ते परत घेतलं, शायेनच्या कारखान्यात खोलून पुन्हा उभं केलं, आणि 2019 च्या मे महिन्यात ते स्वतःच्या वाफेवर चालायला लागलं. अशी फक्त 25 इंजिनं बांधली होती आणि तीही मुळात मालगाड्यांसाठीच : वासॅच डोंगराच्या चढावर जोडीला दुसरं इंजिन न लावता अख्खी गाडी वर नेता यावी म्हणून. म्हणून ब्लेअरचा तो प्रसंग मला मोलाचा वाटतो. ज्या कामासाठी ते जन्मलं, ते काम त्यानं इतक्या वर्षांनी पुन्हा केलं.

ठरवून फोटो काढायचे असतील तर युरोपात दोन वाटा आहेत. जर्मनीत ‘प्लानडाम्फ’ नावाची पद्धत आहे. तिथे रेल्वेच्या नेहमीच्या वेळापत्रकातली गाडी, कधी प्रवासी तर कधी माल, ठरलेल्या दिवसांपुरती वाफेच्या इंजिनाला देतात आणि खर्च हौशी मंडळी वर्गणीतून उचलतात. वाघिणीत, म्हणजे मालाच्या डब्यात, खरा माल असतो, वेळ पाळायची असते. इंग्लंडात लॉफबरोच्या ग्रेट सेंट्रल रेल्वेवर दुहेरी मार्ग आहे आणि 16 टनी कोळशाच्या जुन्या वाघिणींचा अख्खा रेक, म्हणजे जोडलेली रांग, जपलेला आहे. तिथे छायाचित्रकारांसाठी खास गाडी काढतात. गाडी एकदा समोरून जाते, मागे घेतात, पुन्हा येते. बोस्नियात तुझ्ला परिसरातल्या कोळसा खाणींवर तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली जर्मन घडणीची इंजिनं अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या कामाला होती.

तोवर तू परळीत बसून राहू नकोस. औष्णिक वीज केंद्राकडे येणारे कोळशाचे रेक तुझ्या गावात येतात. परळीहून घाटनांदूरकडे निघालेला रूळ बालाघाटावर चढतो. भरलेली गाडी चढ चढताना कशी दिसते, जोडण्या कशा ताणल्या जातात, वळणावर शेवटची वाघीण कधी नजरेत येते, हे सगळं डिझेलच्या आणि विजेच्या इंजिनावर शिकता येतं. ही नजर तयार नसेल तर जर्मनीला जाऊनही हाताला फारसं काही लागणार नाही.

रेवाडीला जाऊन फोटो काढले. इंजिन म्हणजे नुसता काळा गोळा आणि वाफ म्हणजे पांढरा डाग. कॅमेरा चांगला आहे. चुकतंय काय?
– बियाण्यांचे व्यापारी, जालना

इंजिन काळं आणि वाफ पांढरी. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर दोन्हींना मधल्या राखाडीवर आणायला बघतं. फ्रेममध्ये इंजिन मोठं असलं की ते काळ्याला उजळ करायला जातं आणि वाफ जळते, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होते. फ्रेममध्ये वाफेचा मोठा लोट आला, तर उलटं होतं आणि इंजिन अंधारात बुडतं.

म्हणून मीटर आपोआपवर सोडू नका. मॅन्युअलवर या. इंजिन यायच्या आधी उभं असताना त्याच्या वाफेवर, म्हणजे उन्हात असलेल्या पांढऱ्या भागावर, स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणारं) लावा आणि तिथे जे येईल त्यापेक्षा सुमारे दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड द्या. वाफ पांढरी राहते, पण तिच्यातल्या घड्या शाबूत राहतात. काळा भाग थोडा दबलेला वाटेल. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेला असेल तर सावल्यांतला तपशील नंतर वर आणता येतो. जळालेली वाफ मात्र कशानंच परत येत नाही.

दुसरं कारण उजेडाची दिशा. काळ्या इंजिनाला आकार येतो तो बाजूनं, तिरप्या आलेल्या उन्हामुळे. चाकं, दांडे, पिस्टन हे सगळं बॉयलरच्या पोटाखाली असतं. सूर्य वर गेला की त्या भागावर बॉयलरची सावली पडते. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो, तेव्हा चाकांवर ऊन पडणं शक्यच नाही. डिसेंबरात मात्र ऐन दुपारीही तो साधारण 47 अंशांवरच असतो आणि सकाळी पहिले दीड-दोन तास तर थेट चाकांत शिरतो. हिवाळ्याचा दुसरा फायदा वाफेचा. खरी वाफ दिसतच नाही. आपल्याला दिसतो तो तिचा थंड हवेत झालेला बारीक थेंबांचा ढग. एप्रिलमध्ये 42 अंशांच्या कोरड्या हवेत तो ढग धुराड्याच्या वरच विरून जातो. गारठ्यात तोच गाडीच्या अंगावरून मागे लांब जातो. उत्तर भारतात जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतच जा, आणि धुक्याचा एखादा दिवस वाया जाईल हे हिशेबात धरा.

काळ्या धुराच्या मागे लागू नका. वडील म्हणायचे, धुराड्यातून काळा लोट आला की फायरमननं कोळसा जास्त टाकलाय, न जळताच वर चाललाय. चांगल्या फायरमनचा धूर फिकट राखाडी असतो. हौशी मंडळींच्या गाडीवर मुद्दाम काळा धूर करतात. तो फोटोत नाट्यमय दिसतो, पण ज्यानं शेडमध्ये उमेदवारी केली त्याला तो बघवत नाही.

मी रेल्वेचे फोटो काढते. इंजिनाचे फोटो सुंदर येतात, पण ते काही ओढत आहे असं वाटत नाही. वजन फोटोत कसं आणायचं?
– शिक्षिका, नांदेड

ताई, तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण बाकीचे सगळे प्रश्न याच एका प्रश्नाच्या पोटात आहेत.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गाडी आली ती आठवा. पहिल्या खेपेला दहा टाक्या, एकेकीत सुमारे 50,000 लिटर. म्हणजे 500 टन पाणी. त्या गाडीला कोणतं इंजिन होतं हे कुणाला आठवत नाही. आठवते ती टाक्यांची रांग आणि ती बघायला जमलेली माणसं. मालगाडीचा फोटो हा असा मालाचा असतो. इंजिन त्यातलं एक पात्र, मोठं असलं तरी.

तेव्हा पहिली गोष्ट : वाघिणी कापू नका. सरळ रुळाशेजारी उभं राहून पाऊणसमोरून फोटो घेतला की इंजिनामागे दोन वाघिणी दिसतात आणि बाकी गाडी इंजिनाच्या आड जाते. वळण शोधा, आणि वळणाच्या आतल्या बाजूला उभ्या राहा. तिथून मागची रांग उलगडत जाते. लांब लेन्स, 200 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, वाघिणी एकमेकींवर रचल्यासारख्या जवळ आणते आणि गाडी जड दिसते. रुंद लेन्सनं उलट इंजिन फुगतं आणि मागची गाडी दोऱ्यासारखी होते. मालगाडीसाठी मी रुंद लेन्स सहसा पिशवीतच ठेवते.

दुसरी : चढ. सपाटीवर वाफेचं इंजिन जवळजवळ नुसतं घरंगळतं, ड्रायव्हर वाफ कमी करतो, धुराड्यातून काही येत नाही. चढावर तो रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, उघडतो आणि मग वाफेचा प्रत्येक ठोका धुराड्यातून उभा वर जातो. मालगाडीच्या इंजिनाची घडणच या ठोक्यांसाठी असते. आपल्या रेल्वेचं मालवाहू इंजिन डब्ल्यूजी, त्याची मोठी चाकं साडेएकसष्ट इंच व्यासाची. प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूपीची सदुसष्ट इंची. चाक लहान म्हणजे वेग कमी, ओढ जास्त. मीटरगेजवर, म्हणजे आपल्या मनमाड–नांदेड मार्गावर ज्या जातीची इंजिनं माल ओढायची, त्या वायजीची चाकं तर 48 इंचीच. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. डब्ल्यूजी ताशी 20 किलोमीटरनं चढत असेल तर सेकंदाला साडेचारच्या आसपास. म्हणजे प्रत्येक लोट सुटा दिसतो. वेग वाढला की लोट एकमेकांत मिसळतात आणि धुराचा एकच पट्टा होतो. ओझं दाखवायचं असेल तर हे सुटे लोट हवेत. ते पाहणाऱ्याला आवाज ऐकू आणतात.

तिसरी गोष्ट दांड्यांची. चाकांना जोडणारा लांब दांडा चाकाबरोबर वर-खाली होत असतो. तो अगदी खाली असताना फोटो घ्यायचा, अशी जुन्या मंडळींची शिस्त आहे. तिच्यामागे साधं गणित आहे. दांडा वर असतो तेव्हा तो इंजिनाच्या जवळजवळ दीडपट वेगानं पुढे जात असतो. खाली असतो तेव्हा निम्म्याहून थोड्याच जास्त वेगानं. म्हणून खाली असलेला दांडा स्पष्ट येतो, वर असलेला फरफटतो. शिवाय खाली असताना चाकांच्या आऱ्या मोकळ्या दिसतात आणि इंजिन जमिनीला रोवून उभं राहिल्यासारखं वाटतं. ताशी 20 च्या वेगाला एका फेऱ्यास सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ लागतो. सेकंदाला दहा फोटो घेणारा कॅमेरा असेल तर एका फेऱ्यात आठ-नऊ फ्रेम मिळतात आणि त्यांतली एखादी नेमकी बसते. शटर 1/500 पुरेसं. तेवढ्या वेळात इंजिन जेमतेम सेंटिमीटरभर सरकतं. फोकस आधीच एखाद्या स्लीपरवर किंवा किलोमीटरच्या दगडावर बांधून ठेवा. धुराच्या लोटावर ऑटोफोकस भरकटतो.

आणि एक तपासणी, जी मी परदेशातल्या प्रत्येक फोटोवर करते. खास छायाचित्रकारांसाठी काढलेल्या मालगाडीच्या वाघिणी बहुतेक वेळा रिकाम्या असतात. डोळ्याला ते कळतं. रिकाम्या वाघिणीच्या स्प्रिंगा उठलेल्या असतात, तिचं अंग चाकांपासून वर तरंगतं. भरलेली वाघीण खाली बसलेली असते. इंजिन खूप धूर काढतंय आणि मागच्या वाघिणी हलक्या उभ्या आहेत, असा फोटो मला खोटा वाटतो, कितीही देखणा असला तरी. जर्मनीतल्या खऱ्या मालाच्या गाड्यांचे फोटो म्हणूनच मी वरचढ मानते. तिथे ड्रायव्हर वाळू सोडतो कारण चाकं खरोखर घसरतात. फायरमनच्या कपाळावरचा घामही फोटोसाठी आणलेला नसतो.

त्या माणसांनाही फ्रेममध्ये घ्या. जीर्णोद्धार म्हणजे रंग देणं नव्हे. बॉयलरच्या शेकडो नळ्या काढून नव्या बसवायच्या, इंजिनाच्या भट्टीचे बोल्ट बदलायचे, चाकांच्या धावा तासायच्या, मग पाण्याच्या दाबानं बॉयलरची परीक्षा. अमेरिकेत 15 वर्षं किंवा चालवलेले 1,472 दिवस, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बॉयलर पुन्हा पूर्ण उघडून तपासावा लागतो. इंग्लंडात प्रमाणपत्र साधारण दहा वर्षांचं. मुदत संपली की पैसे जमेपर्यंत इंजिन थंड पडतं. ज्या हातांनी ते पेटतं ठेवलं आहे, ते हात केबिनच्या खिडकीत दिसत असतील तर तो फोटो सगळ्यांत आधी निवडा.

रात्रीचे फोटो काढता येतील का?
– मोंढ्यातले एक वाचक, परभणी

येतील. या कामातला सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे अमेरिकेचा ओ. विन्स्टन लिंक. 1955 ते 1960 या काळात त्यानं नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री टिपली. रुळाकाठी तारा पसरून, डझनावारी फ्लॅशबल्ब एकाच क्षणी पेटवून. रात्र त्यानं मुद्दाम निवडली, कारण अंधारात सगळा उजेड त्याच्या हातात होता. आणि रेल्वेची संमती व मदत त्याच्या पाठीशी होती, हे विसरू नका. चालत्या गाडीच्या समोर, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं हा गुन्हाच समजा. सुरुवात उभ्या इंजिनापासून करा : तिपाई, दहा-पंधरा सेकंदांचं शटर, बाजूनं साधी एलईडी बॅटरी फिरवत चाकं उजळायची.

रुळाजवळ किती अंतरावर उभं राहावं? ड्रोन चालेल का?
– महाविद्यालयीन मित्रांचा गट, हिंगोली

रुळावर, पुलावर, रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना जाऊ नका. रेल्वे कायदा, 1989 चं कलम 147 त्यासाठीच आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फाटकाबाहेरचा रस्ता, शेताचा बांध, ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीचा कठडा या जागा पुरेशा आहेत. गंगाखेडला गोदावरीवरचा पूल काठावरून दिसतो. दौलताबादला तर किल्ला मागे घेऊन गाडी टिपता येते.

आता आपल्या मार्गांवर विजेच्या तारा आल्या आहेत. त्यांत 25,000 व्होल्ट असतात. हात लागायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नका. उभ्या वाघिणीवर चढून सेल्फी काढताना पोरं भाजून मेली आहेत, एकदा नव्हे. सेल्फी स्टिक, छत्री, तिपाई, काहीही वर धरायचं नाही. ड्रोन या तारांवर उडवायचा विचार सोडा. परवानगीशिवाय तर नाहीच.

सासऱ्यांच्या पेटीत बार्शी लाइट रेल्वेच्या मालगाड्यांचे फोटो आणि निगेटिव्ह निघाले. काय करू?
– गृहिणी, लातूर

बाई, तुमच्या हाती ठेवा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं उभारलेली अडीच फुटी गेजची ही रेल्वे 1897 मध्ये बार्शीला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. आता तो रूळच राहिलेला नाही, म्हणून एकही फोटो टाकू नका.

निगेटिव्ह कडेनं धरा, सुती हातमोजे घाला. 35 मिलिमीटरची असतील तर 3200 डीपीआयवर, मोठी असतील तर 2400 वर स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. अल्बमला चिकटलेले फोटो ओढून काढू नका. तसेच ठेवून वरून कॅमेऱ्यानं टिपा, दोन बाजूंनी 45 अंशांत दिवे, फ्लॅश बंद. नंतर आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पेटीत सिलिका जेल. पावसाळ्यात बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांची वाफ फोटोला बाधते.

सगळ्यांत आधी मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटो दाखवून विचारा : कोणतं स्टेशन, कोणतं साल, इंजिनावरचा क्रमांक, वाघिणीत कापूस होता की गूळ की ज्वारी, आणि पायरीवर उभे आहेत ते कोण. फोटोच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेन नको.

कॅमेरा नाही, मोबाइलच आहे.
– अकरावीतली मुलगी, मानवत

चालेल. उन्हाची बाजू, वळण आणि भरलेली गाडी, हे तिन्ही मोबाइलला तितकंच लागू आहे. डिजिटल झूम वापरू नकोस. स्क्रीनवर बोट दाबून धरलंस की फोकस आणि उजेड तिथेच बांधले जातात. मग बोटानं उजेड थोडा खाली ओढ आणि गाडी त्या जागी आली की बर्स्ट (लागोपाठ फोटो) सोड. मानवत रोडला मालगाड्या थांबतात. स्टेशन मास्तरांना आधी भेट, आपण काय करतोय ते सांग, आणि फलाटावरची पिवळी पट्टी ओलांडू नकोस. काढलेले फोटो मला पाठव, पुढच्या अंकात त्यांवर बोलू.